दारातल्या चिंचेची परवानगी

१ मार्च १९९६, शुक्रवार

आधी दुरुस्ती. परवाच्या पानावर मी लिहिलं आहे, 'तात्यांची चिंच आणखी कलली.' ते चूक आहे. चिंच आमची. आमच्या दारात आहे, आजोबांनी, म्हणजे आबांच्या वडिलांनी लावली. तात्या दरवर्षी चिंचा नेतात, एवढंच. सगळी वस्ती 'तात्याची चिंच' म्हणते म्हणून मीही लहानपणापासून म्हणत आले, आणि तसंच लिहूनही टाकलं. मागचं खोडत नाही. दुरुस्ती इथे राहू दे.

चूक कळली ती अशी. सकाळी ग्रा.पं.त गेले होते, झाड काढायला परवानगी कुठून घ्यायची ते विचारायला. ग्रामसेवकांनी पहिलाच प्रश्न केला, झाड कुणाचं? मी म्हणाले, तात्यांचं. ते म्हणाले, मग तात्यांनी यायचं, तुम्ही कशाला आलात? घरी येऊन आईला सांगितलं तर ती भाकरी थापायची थांबली.

"तात्याचं कवापास्नं? तुज्या आज्यानं लावलंय ते. आन तू शिकल्याली."

ऐकून घेतलं. बरोबरच होतं.

आबांच्या डोक्यावरची फांदी पत्र्याला टेकायला आता वीतभर राहिली आहे. गेल्या वर्षीच्या वादळात मुळाकडची माती उचलली गेली, ती तशीच भेगाळलेली आहे. बुंध्याच्या ढोलीत माझा अख्खा हात जातो. वळवाचे वारे यायच्या आत हे झाड उतरलं पाहिजे. आबांना उठता येत नाही. त्यांची कंबर गेल्यापासून खाट पुढच्या खोलीतच आहे, मागच्या खोलीत चूल आणि उंच उंबरा. खाट हलवून भागणार नाही, झाडच हलवायला हवं.


५ मार्च, मंगळवार

तात्यांचे गडी आले, चिंचा झोडपून गेले. दरवर्षीसारखंच. पोती बांधली, एक पाटी आमच्या उंबऱ्यावर ठेवली. आईने पाटी आत घेतली. दरवर्षी घेते.

आबांना विचारलं, हे कधीपासून? म्हणाले, पहिल्यापासून. म्हणजे कधीपासून? पहिल्यापासून गं.

आईला विचारलं. "झाड बारकं हुतं तवा कुनी फिरकत न्हवतं. चिंचा धराया लागल्या, मग आले."

आबा तात्यांकडे सालगडी होते, कंबर जाईपर्यंत. त्यांचं म्हणणं, तात्यांना विचारू, ते तोड म्हणाले की तोडू. माझं म्हणणं, कायदा काय आहे ते आधी कळू दे. यावरून थोडं झालं. आबा भिंतीकडे तोंड करून झोपले.


११ मार्च, सोमवार

कर्जतला गेले. तहसील कचेरी. दोन टेबलं फिरवून तिसऱ्याकडे पाठवलं, तिथल्या क्लार्कनी मात्र नीट सांगितलं. मी लिहून घेत होते तर म्हणाले, सावकाश लिहा, पळून जात नाही मी.

कळलं ते असं. ठरावीक झाडं आहेत, ती स्वतःच्या जागेतली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. साग, आंबा, जांभूळ, आणि चिंच. मी विचारलं, रानातली नाही, दारातली आहे, घरावर आली आहे, तरी? म्हणाले, "ताई, झाड चिंचेचं आहे ना? मग दार काय आणि रान काय."

अर्ज मालकाने करायचा. सोबत घराचा ग्रा.पं.चा उतारा. मग तलाठी जागेवर येऊन पंचनामा करणार: झाड कुणाचं, कुणी लावलं, का काढायचं. मग वनखात्याचा माणूस बघून जाणार. मग परवानगी. विनापरवाना तोडलं तर लाकूड जप्त आणि केस.

केस हा शब्द लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. डी.एड. झालं, जि.प.च्या यादीत नाव आहे, ऑर्डर अजून नाही. चारित्र्याचा दाखला लागतो. एस.टी.त बसून सगळं परत वाचलं. नुसती फांदी छाटायची तरी हेच सगळं लागतं का, ते विचारायचं राहिलं. (तपासणे.)

आईला सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "तोडाया एवढी परवानगी लागती. पडाया न्हाई ना लागत?"


१९ मार्च, मंगळवार

अर्ज लिहून तयार. तीनदा लिहिला. 'धोकादायक' लिहिलं होतं, मग वाटलं अतिशयोक्ती होते का. ढोलीत हात घालून परत बघितलं. शब्द ठेवला.

घर आबांच्या नावावर, म्हणून अर्जदार आबा. पण आबा अंगठा देईनात. तात्यांच्या कानावर घातल्याशिवाय नाही. शेवटी म्हटलं, मीच जाते.

तात्या ओसरीवर बसले होते. चांगलं बोलले. "ये गं मास्तरीण. आली का आर्डर?" चहा सांगितला. कपबशी घरातलीच होती, हे आईला आल्यावर सांगितलं, ती विचारतेच.

झाडाचं सांगितलं तर हसले. त्यांच्या वडिलांनी त्या झाडाच्या चिंचा खाल्ल्या, चिंचेचं इतकं गोड बूटूक मिरजगावच्या बाजारात नाही, वगैरे. मग म्हणाले, "परवानगी कशाला मागत बसतीस? उद्या गडी धाडतो. दोन दिसात झाड आडवं. लाकूड माझ्या वाड्यावर टाकतील, तुला केर बी काढाया नगं."

खरं सांगायचं तर क्षणभर हो म्हणावंसं वाटलं. दोन दिवसांत आबांच्या डोक्यावरची फांदी गेली असती. कचेरी नको, एस.टी. नको. मी नाही म्हणाले. केस झाली तर घर आबांचं, नाव आबांचं. हे तात्यांना सांगितलं. ते म्हणाले, माझ्या नावावर कोण केस करतंय? मी म्हणाले, तुमच्या नावावर नाही होणार, तेच म्हणते मी.

तात्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, कर तुला काय करायचं ते.

हे मी उद्धटपणे बोलले का? आवाज वर गेला नव्हता. शब्द मात्र तसे होते.

आबांना सांगितलं, तात्यांच्या कानावर घातलं. अंगठा मिळाला.


२६ मार्च, मंगळवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

तलाठी भाऊसाहेब अकराच्या सुमाराला आले. पंच म्हणून शेजारचे किसनकाका आणि आणखी एक वस्तीतले. तात्याही आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण आले, दारात उभे राहिले. आबा खाटेवरून उठायची धडपड करायला लागले. तात्या म्हणाले, पडून राहा रे.

भाऊसाहेबांनी झाड बघितलं, ढोली बघितली, पत्रा बघितला. मान हलवली, म्हणाले, काढायलाच पाहिजे हे. मला हायसं वाटलं. मग खाटेजवळ बसून लिहायला लागले. विचारलं, झाड कुणाच्या मालकीचं?

आबा म्हणाले, "तात्याचंच की वो."

आई आत होती. तांब्या आपटल्याचा आवाज आला.

भाऊसाहेबांनी पंचांकडे बघितलं. किसनकाका जमिनीकडे बघत म्हणाले, व्हय, तात्याची चिंच म्हनत्यात. तात्या काहीच बोलले नाहीत. ना हो, ना नाही.

अंगठा घ्यायच्या आधी मी म्हणाले, वाचून दाखवते. भाऊसाहेबांनी कागद दिला. मी मोठ्याने वाचलं, 'सदर झाड अर्जदाराचे मालकीचे नसून', इथे थांबून आबांकडे बघितलं. त्यांनी बोट पुढे केलेलंच होतं.

भाऊसाहेब जाताना म्हणाले, आता अर्ज तात्यांचा पाहिजे, तुमचा चालणार नाही.

मी तिथेच बोलायला हवं होतं. वाचून दाखवलं आणि बोलले नाही.


२८ मार्च, गुरुवार

आबांशी काल बोलले नाही. आजही नाही बोलणार असं ठरवलं होतं, पण अंघोळ घालायची होती. न बोलता किती वेळ घालणार.

विचारलं, का म्हणालात तसं? त्यांनी पाठ पुढे केली. मग म्हणाले, "मानूस दारात उबा ऱ्हायलाय. त्याच्या तोंडावर तुजं न्हाई म्हनायचं? आसं म्हनत्यात व्हय कुनी?"

म्हणजे त्यांच्या मनात मालकीचा प्रश्नच नव्हता. दारात आलेल्या माणसाचा मान ठेवला, एवढंच. मान ठेवला आणि तो सरकारी कागदावर उतरला. मी रागावले होते ते भित्रेपणावर. तो भित्रेपणा नव्हता, निदान सगळा नव्हता. हीसुद्धा दुरुस्तीच.

आई म्हणाली, "झाडाखाली झोपल्याला मानूस दारातल्याचा मान राखतोय."


२ एप्रिल, मंगळवार

तात्यांकडे परत गेले. मी म्हणाले, तुमचं झाड असं कागदावर आलं आहे, तर अर्जही तुम्हीच करा. मी लिहून आणला होता, फक्त सही हवी होती. कुणाच्या का नावाने, झाड उतरू दे.

तात्यांनी चष्मा लावून वाचला. सगळा वाचला. विचारलं, ह्या सहीनं काय हुतं? मला माहीत होतं तेवढं सांगितलं: झाड तुमचं ठरतं, त्याची जबाबदारीही तुमची. फॉरेस्टचा माणूस तुम्हालाच विचारणार. परवानगी मिळायच्या आत पडलं आणि कुणाला लागलं, तरी विचारणा तुम्हालाच होईल असं मला वाटतं, पण ते मी कायद्यात वाचलेलं नाही.

त्यांनी कागद घडी करून परत दिला. "मी कशाला सही करू? झाड काय माज्या दारात हाय?"

मी विचारलं, मग कुणाचं म्हणायचं?

"चिंचा आमच्या. झाडाचं तुमी बगा."

रागाने नाही म्हणाले. पाऊसपाण्याचं सांगावं तसं सांगितलं. चहा पिऊन जा म्हणाले. नाही प्याले.

घरी येऊन आबांना शब्दाला शब्द सांगितलं. माझं काही घातलं नाही, आवाजही तात्यांसारखा काढला नाही. आबांनी एकदाच विचारलं, "आसं म्हनला? झाडाचं तुमी बगा?" हो, असंच.  रात्री आबांचं जेवण कमी झालं.


९ एप्रिल, मंगळवार

दुपारी चारनंतर वारं सुटलं. पाऊस नाही, नुसती धूळ. फांदी पत्र्यावर आपटायला लागली. मी आणि किसनकाकांनी आबांना खाटेसकट उचलून काकांच्या ओट्यावर नेलं. बुंध्यातून करकर आवाज येत होता, तो ओट्यावरही ऐकू येत होता. पत्र्याला मोठा पोचा आला आहे, खाटेच्या डोक्याकडच्या बाजूला.

वारं थांबल्यावर किसनकाका म्हणाले, राहू द्या आबांना इथंच, झाडाचं होईपर्यंत. आबा नाही म्हणाले. घरी ठेवा मला.

खाट परत जागेवर लावली, भिंतीकडे जेवढी सरकते तेवढी सरकवून. आबा पोच्याकडे बघत होते. म्हणाले, "भाऊसायबाला परत बलीव."


१४ एप्रिल, रविवार

जयंती. झेंड्याजवळ खुर्ची टाकून आबांना बसवलं, पाठीला उशी. नवी टोपी. पुष्कळ दिवसांनी बाहेर.

जयभीम करायला जो येईल त्याला सांगत होते, ही चिंच माझ्या बानं लावली. कुणी विचारलेलं नसताना. नातेवाईक, पोरं, भोंगा लावायला आलेला माणूस, सगळ्यांना. पहिल्यांदा हळू म्हणाले, मग आवाज सुटला. मला आधी कळेना काय चाललंय. मग कळलं, सराव चाललाय.

आई लाडू वाटत होती, तिलाही म्हणाले. ती म्हणाली, "मला काय सांगताय? म्याच पानी घालून वाडीवलंय."

किसनकाका मात्र दिवसभर त्या बाजूला आले नाहीत.


१७ एप्रिल, बुधवार

कर्जत. कचेरीत सगळीकडे निवडणुकीचीच कामं, उभं राहायला जागा नाही. बाकी सगळं नंतर या म्हणत होते. नंतर म्हणजे वळीव येऊन जाईल. भाऊसाहेब कसल्या तरी याद्या घेऊन निघाले होते, जिन्यात गाठलं. वाट अडवून उभी राहिले. असं मी कधी करत नाही.

विचारलं, जबाब दुरुस्त करता येतो का? म्हणाले, येतो, पुरवणी जबाब घेता येतो. पण पहिल्या पंचनाम्यात तात्यांचं नाव आलंय, त्यामुळे त्यांना समज देऊन, त्यांच्यासमोर घ्यावा लागेल. मागाहून घेतला तर तक्रार होऊ शकते. तेच पंच, आणि आबा स्वतः.

मी म्हणाले, चालेल. ते म्हणाले, "अहो, तुमचे वडील मागच्यासारखंच बोलले तर? मी परत परत येणार नाही."

मी जिन्यातून बाजूला झाले. म्हणाले, या तुम्ही.

फांदीचंही विचारलं (११ मार्चचं राहिलेलं). म्हणाले, एवढी मोठी फांदी आपल्या मनाने काढू नका, त्याच परवानगीत येईल. म्हणजे तोही मार्ग नाही.


१९ एप्रिल, शुक्रवार

तात्यांना समज द्यायचा कागद मीच नेऊन दिला. त्यांनी पोच म्हणून सही केली. मग म्हणाले, "एका झाडापायी माज्यासमोर हुबं करनार का तुज्या बापाला?"

मी म्हणाले, आबांना उभं राहता येत नाही. पडूनच बोलतील.

परत येताना किसनकाकांकडे गेले. त्यांना खोटं बोला म्हणायला गेले नव्हते. एवढंच म्हणाले, लोक काय म्हणतात ते सांगू नका, तुम्ही काय बघितलं ते सांगा. काका म्हणाले, त्यांचं रान तात्यांच्या बांधाला आहे. पाण्याची पाळी तात्यांच्या मर्जीवर. मी उठले. निघताना काका म्हणाले, येतो मी. काय सांगणार ते बोलले नाहीत.

संध्याकाळी झाडाखाली थोडा वेळ बसले. शेंड्याला चुकलेल्या चिंचा आहेत अजून. मला हे झाड आवडतं. हेही लिहून ठेवते, नाहीतर ही वही वाचून वाटेल की मी त्याच्या जिवावर उठले होते.

आबांना विचारलं, तात्या दारात उभे असतील, तेव्हा? म्हणाले, त्यांना आधी खाली बसायला सांग. उभ्या माणसाला मला बोलता येत नाही.

म्हणून ठरवलं. सतरंजी खाटेसमोर टाकायची. तात्या, भाऊसाहेब, पंच, सगळे खाली बसतील, मग चहा, मग प्रश्न. मी उंबऱ्यात न थांबता खाटेच्या उशाशी बसणार. आबा बोलले तर मी फक्त वाचून दाखवीन. आबा पुन्हा तात्यांचं म्हणाले, तर या वेळी बोट शाईला लागायच्या आत मी बोलणार आहे, तात्यांच्या तोंडावर, झाड आमचं आहे, माझ्या नावाने जबाब लिहून घ्या म्हणून.

वारं आत्ता नाही.

भाऊसाहेब येणार सोमवारी, २२ एप्रिलला. सकाळी दहा.