घरचा पेशंट

प्रिय ठकू,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. दोन वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं आणि पाकीट फोडायच्या आधी मी हात धुऊन आले. सवय, दुसरं काय. आठ तारखेला येतेस, चार दिवस राहणार आहेस, हे मी तुझ्या बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी ते पुन्हा वाचायला लावलं. मग तिसऱ्यांदा. तुझी खोली त्यांनी स्वतः झाडली, पलंगाखालच्या खोक्यांसकट, आणि दिवसभर शिंकत बसले. पण तू तिकीट काढलं नसशील तर जरा थांब. आधी हे शेवटपर्यंत वाच, मग यायचं की नाही ते ठरव. तू मला माफ केलंस असं लिहिलं आहेस. ती माफी ठेवून घ्यायची की परत करायची, एवढ्याचसाठी मी चार दिवस या कागदासमोर बसते आणि उठते आहे.

बाबांचं आधी सांगते. तब्येत बरी आहे. दुकान वर्षापूर्वीच सोडलं, हे तुला कळलं असेलच. आता पुढच्या खोलीत खिडकीपाशी बसतात. रफूचं काम घेत नाहीत. बटणं लावणं, पँटची खालची दुमड शिवणं, असलं काहीबाही करतात. डाव्या डोळ्याला कडेकडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. समोर माणूस उभा राहिला तर त्याचे कान दिसतात आणि तोंड गायब, असं स्वतःच हसत सांगतात. उजवा डोळा चांगला आहे, पण एका डोळ्याला सुईचं टोक नेमकं किती लांब आहे ते उमगत नाही. गेल्या महिन्यात एक जुनं गिऱ्हाईक कोट घेऊन आलं होतं, बाहीला सिगारेटचं भोक. बाबांनी कोट मांडीवर घेतला, भोकावरून अंगठा फिरवला आणि घडी घालून परत दिला. ज्या माणसाने रफू केलेली जागा कोटाचा मालकसुद्धा शोधू शकत नसे, तो माणूस आता बटणं लावतो. मी तेव्हा स्वयंपाकघरात होते. बाहेर आले नाही.

माझ्या कामाबद्दल तुला ऐकून ऐकून कंटाळा आलेला आहे, तरी थोडं सांगावं लागेल. रोज दुपारी चार वाजता मी आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात उद्याच्या ऑपरेशनांची यादी लावते. प्रत्येक पेशंटची एक चिठ्ठी, फळ्यावर एका खाली एक. लहान मुलं सगळ्यांत आधी, कारण ती उपाशी राहू शकत नाहीत. मग साखरवाले. मग सोपे मोतीबिंदू. मग पडद्याची लांबलचक कामं. पू झालेले डोळे सर्वांत शेवटी, म्हणजे टेबल खराब होत नाही. आणि एक नियम कुठेच लिहिलेला नाही. तो मला माझ्या आधीच्या मोठ्या सिस्टरने पहिल्याच आठवड्यात सांगितला: आपल्या लोकांच्या घरचा पेशंट बाकी सगळे स्वच्छ डोळे संपल्यावर. तळे राखी तो पाणी चाखी असं जग म्हणायला टपलेलं असतं, तेव्हा आपण तहानलेलं राहायचं, म्हणजे कुणी बोट दाखवत नाही. मला हा नियम फार आवडला. खरं सांगते, मला त्याचा गर्व होता. शिपायाच्या आईला, भुलीच्या डॉक्टरांच्या मेव्हण्याला, सगळ्यांना मी तसंच थांबवलं. नव्या मुलींना वेळेचं नियोजन शिकवायला मला उभं करत. काय तातडीचं, काय महत्त्वाचं, काय उद्यावर टाकता येतं, यावर मी तास तासभर बोलायची. त्याबद्दल मिळालेली पितळी पाटी अजून कपाटावर आहे. बाबा दर आठवड्याला ती पुसतात.

घरीही मी तेच केलं, हे तू मला त्या दिवशी तोंडावर सांगितलंस. त्यात तुझं काहीच चुकलं नव्हतं. तू चौथीत होतीस ना, तेव्हा तू स्वयंपाकघरातल्या सामानाच्या यादीशेजारी एक चिठ्ठी टाचली होतीस. माझ्या चिठ्ठ्यांसारखीच, वर नंबर, खाली काम, शेवटी लागणारा वेळ. आईशी बोलायचं आहे, पंधरा मिनिटं. मला इतकं कौतुक वाटलं की ती चिठ्ठी मी दवाखान्यात नेली आणि सगळ्यांना दाखवली. पोट धरून हसलो आम्ही. बोलायचं होतं ते काय, ते विचारायचं मात्र राहून गेलं. नंतर विचारलं तेव्हा तू म्हणालीस, आठवत नाही. मला वाटतं तुला आठवत होतं.

आता तो आठवडा. तुला अर्धाच माहीत आहे. रविवारी बाबांना डोळ्यासमोर विजा चमकल्यासारख्या दिसायला लागल्या आणि एका बाजूने काळा पडदा ओढल्यासारखं झालं. सोमवारी मोठ्या डॉक्टरांनी पाहिलं. डोळ्यातला पडदा सरकला आहे, पण मधला भाग अजून जागेवर आहे, तो सुटायच्या आत चिकटवला तर नजर वाचेल, असं म्हणाले. चिठ्ठीवर लाल शाईने 'लवकर' लिहून माझ्या हातात दिली. पुढचं माझ्यावर होतं. मंगळवारच्या यादीत मी बाबांना सहावा नंबर दिला. पाचवा मोतीबिंदू बिघडला, दोन तास गेले, भुलीचे डॉक्टर पाच वाजता निघाले. बुधवारी पुन्हा सहावा. त्या दिवशी हत्यारं उकळायचं यंत्र बंद पडलं. डॉक्टरांनी जाता जाता विचारलं, तो शेवटचा पेशंट कालचाच ना, किती थांबवायचा. आणि मी म्हणाले, घरचाच आहे, थांबेल. हे शब्द मी हसत म्हणाले, ठकू. माझा मोठेपणा डॉक्टरांच्या लक्षात यावा, असंही कुठेतरी वाटत होतं.

बाबा दोन्ही दिवस सकाळपासून उपाशी, हिरवा गाऊन घालून बाकावर बसलेले. मी पुढून गेले की हात वर करायचे. एकदाही म्हणाले नाहीत की माझा नंबर का येत नाही. उलट शेजारच्या बाईंना सांगत होते, आमच्या घरातूनच सगळं चालतं इथलं, काळजी नको. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही म्हणतात, आणि हा माणूस आयुष्यात कधी रडला नाही. गुरुवारी त्यांना आतल्या खोलीत निजवून ठेवलं होतं, त्या दिवशीही झालं नाही. शुक्रवारी सकाळी उठले तेव्हा मधला भाग सुटला होता. मग मात्र त्यांना पहिला नंबर मिळाला. पडदा चिकटला, डोळा शाबूत राहिला, नजर गेली.

त्या शुक्रवारी तू प्रवास करून आलीस, डॉक्टरांशी बोललीस आणि मला गाठलंस. सगळ्या वऱ्हांड्यासमोर ओरडलीस, की तुझ्या यादीत आम्ही जन्मभर शेवटी. गुरुवारी काय झालं होतं ते सांग, असं दोनदा विचारलंस. तेव्हा मी तुला त्या पाच वर्षांच्या मुलीबद्दल सांगितलं. डोळ्यात पेनाचं टोक घुसलं होतं, लांबून आणली होती, तिची आई पायात चप्पल न घालता आली होती, टेबल एकच होतं. माझ्याकडे बघितलंस, बॅग उचललीस आणि गेलीस. परक्याची पोर आईला तुमच्या आधी दिसली, असं फोनवर बाबांना म्हणालीस म्हणे. बाबांना ती मुलगी तेव्हा तुझ्याकडूनच कळली.

आणि त्यांनी तिला उराशी धरलं. दुसरा शब्द नाही. नजर गेल्याचं दुःख त्यांनी त्या एका गोष्टीवर पचवलं. येणाऱ्या जाणाऱ्याला सांगतात, माझा डोळा एका पोरीच्या कामी आला, सौदा वाईट नाही. तिचं वय मोजतात. आता सात पूर्ण झाली असेल, आता वाचायला लागली असेल. दवाखान्यात तपासणीला येते का, विचारतात. मी म्हणते, गाव लांब आहे, तिकडेच दाखवत असतील. एकदा चिंध्यांच्या गाठोड्यातून चांगले तुकडे निवडून त्यांनी हातानेच एक लहान पोलकं शिवायला घेतलं होतं. टाके वाकडे आले म्हणून उसवून ठेवलं.

आता तुझं पत्र. तू ऑफिसात मोठी झालीस, हाताखाली माणसं आली, रोज दहा कामांतून एक उचलावं लागतं आणि नवांना थांब म्हणावं लागतं, हे तू किती छान लिहिलं आहेस. आता मला आई कळली, लिहितेस. एकीकडे पाच वर्षांच्या मुलीचं सगळं आयुष्य आणि दुसरीकडे साठीच्या माणसाचा एक डोळा. तुझ्या जागी मी असते तर तेच केलं असतं, लिहितेस. बाबा हे ऐकून रडले. मघाशी म्हटलं ना कधी रडला नाही, तो माणूस रडला. म्हणाले, बघ, पोरगी शहाणी झाली. आणि मी तिथे बसून मान हलवली.

अशी कुठलीही मुलगी नव्हती, ठकू. गुरुवारी दुपारी अडीच वाजता टेबल रिकामं होतं, भुलीचे डॉक्टर हजर होते, यंत्र दुरुस्त झालं होतं, आणि बाबांची चिठ्ठी सर्वांत वर आली होती. मी त्यांना आत घ्यायला उठले तेवढ्यात दवाखान्याच्या एका विश्वस्तांच्या बायकोचा फोन आला. तिच्या सासूबाईंचा मोतीबिंदू मोठ्या डॉक्टरांच्याच हातून करून हवा होता आणि आजच हवा होता, पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडे पाहुणे येणार होते. तो मोतीबिंदू सहा महिने थांबला असता. मी नाही म्हणू शकत होते. डॉक्टरांना विचारलं असतं तर ते नक्कीच नाही म्हणाले असते. मी विचारलंच नाही. मी बाबांची चिठ्ठी काढून खाली लावली, माझ्या या हाताने, कारण फोनवरची बाई रागावली असती आणि बाबा रागावले नसते. सासूबाई यायला साडेतीन झाले, मग चहा, मग बोलणी, मग ऑपरेशन, आणि पाच वाजले. कसला नियम आणि कसली निःस्पृहता! बाहेरच्यांसाठी मी तो नियम दहा मिनिटांत मोडला. तू वऱ्हांड्यात विचारलंस तेव्हा ती मुलगी माझ्या तोंडातून आयती बाहेर पडली, चपलेविना आलेल्या आईसकट. दोन वर्षं मी ती जगवली. तिच्यामुळे तुझे बाबा सुखी आहेत, आणि आता तिच्यामुळेच तू घरी येते आहेस. ते माझ्याने घेववणार नाही. हे पत्र पेटीत टाकून आल्यावर मी बाबांना सांगणार आहे. तुझं उत्तर येईपर्यंत थांबले तर परत टाळेन, मी मला ओळखते. ते काय म्हणतील मला माहीत नाही. आठ ते बारा या तारखांची माझी रजा मंजूर झाली होती, ती मी आज रद्द करून सकाळी सात ते रात्री आठची ड्यूटी मागून घेतली. मी उठून गेल्यावर ये, मी यायच्या आधी जेवून घ्या. माझ्याशी बोलू नकोस, पण ये. ती मुलगी नसल्यावर त्यांच्यापाशी कुणीतरी बसायला हवं, आणि मी बसलेली त्यांना चालेल असं वाटत नाही.

तुझीच,
आई