संशय चित्रं साफ करणारीवर

प्रिय चिमणे,

अजून अशी हाक मारलेली चालेल ना? तू सून म्हणून या घरात आलीस तेव्हापासूनची सवय आहे. तुमचा घटस्फोट झाला हे माझ्या जिभेला कोण समजावणार!

सध्या एक जाडजूड रहस्यकथा वाचतेय. लायब्ररीतल्या बाईंनी ‘चित्रांच्या जगातली आहे, तुम्हाला आवडेल’ म्हणून हातात कोंबली. एका देशात एक जुनं चित्र लिलावात विकलं जातं आणि दुसऱ्या देशात हुबेहूब तेच चित्र एका म्हाताऱ्याच्या घरात टांगलेलं सापडतं. म्हातारा खाली मरून पडलेला. खरं कुठलं, खोटं कुठलं, कुणालाच कळेना. सगळे नुसते विमानाने इकडून तिकडे धावताहेत. माझा संशय संग्रहालयाच्या संचालकावर. फार गोड बोलतो मेला. पण लेखकाने संशयाची सुई चित्रं साफ करणाऱ्या बाईवर आणून ठेवलीय. मला असा राग आला की पुस्तक मिटून चहा करायला उठले. जसा काही तुझ्यावरच आळ घेतला!

आणि ती बाई चित्र चक्क ओल्या फडक्याने पुसते गं! मी एकटीच मोठ्याने म्हणाले, ‘अहो, फरशी आहे का ती?’ तुझ्या कामाच्या खोलीत तू मला एकदा नेलं होतंस. काडीला कापूस गुंडाळून जिभेवर ओला करत होतीस आणि टीचभर कोपऱ्यातला मळ काढत होतीस. ‘थुंकीने?’ मी किंचाळलेच. तू म्हणालीस, ‘आई, याच्याइतकं सौम्य दुसरं काही नाही.’ काळपट आभाळातून हळूहळू निळं वर आलं, आणि आपण दोघी बघत राहिलो.

फरशीचं बोलून झाल्यावर मी सवयीने बाजूला पाहिलं. सोफ्याच्या त्या टोकाला तू पाय पोटाशी घेऊन बसायचीस. पुस्तक दोघींत एक. तुझं पान आधी संपायचं आणि माझं संपेपर्यंत तुझी चुळबुळ. आता कुणाला घाई नाही. दुपारी घर इतकं गप्प असतं की फ्रिज थांबला तरी दचकायला होतं. लेक येतो, मोबाइलमध्ये बघत जेवतो. त्याला काय सांगू, संचालकावर संशय आहे म्हणून?

आता मुख्य गोष्ट. तो पुढच्या महिन्यात पुन्हा लग्न करतोय. मुलगी समंजस आहे, माझ्या औषधांची चौकशीही करून गेली. तिच्याबद्दल तक्रार नाही. पण काल जेवताना तुझं नाव निघालं, तर तो म्हणाला, ‘आई, आता तिला फोन करत जाऊ नकोस. बरं दिसत नाही.’ मी मान हलवली. आज सकाळी मनात आलं, घटस्फोटावर सही तुम्ही दोघांनी केलीत, मला कुणी विचारलंही नाही. मला तुला सोडायचं नाहीये. पत्र टाकतेय हे त्यालाही सांगणार आहे. चोरून काही करायचं नाही मला. तुला जड जाणार असेल तर उत्तर देऊ नकोस, मी समजून घेईन. नाहीतर तुझ्या सुट्टीच्या दिवशी कुठे भेटायचं ते कळव. बसने येईन, सोडायला कुणी लागत नाही.

तुझीच,
आई