डाव्या हाताचे गुण

बाई, तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली आणि मी अजून जपानची कुस्ती बघते. कालही बघितली. दोघी बायका, एक उंच, एक ठेंगणी, बावीस मिनिटं चालली. मी पाचापैकी सव्वातीन तारे दिले. उंच बाईचा गुडघा पहिल्या दहा मिनिटांत पिळून काढला होता. ती लंगडत होती, कण्हत होती, आणि जिंकायची वेळ आली तेव्हा त्याच पायाने टणकन उडी मारून दोरावर चढली. पाऊण तारा मी तिथेच कापला. तुम्ही असता तर अख्खा कापला असता. मेलेला पाय कसा असतो ते तुम्हाला ठाऊक होतं. मला तो फक्त उचलून पुसायला ठाऊक होता.

तुम्ही माझ्या सासू. सगळं घर तुम्हाला बाई म्हणायचं, तुमचा मुलगाही, म्हणून मीही म्हटलं. मला पाहायला आलात तेव्हा तुम्ही मला अंगणात चालवलंत, केस सोडायला लावलेत, मग वर्तमानपत्राचा तुकडा हातात देऊन म्हणालात, वाच. मी सातवीपर्यंत शिकलेली. न अडखळता वाचलं. मान वर केली तर तुम्ही माझ्या आईला विचारत होतात, "वाचाले नाई नेऊन राह्यलो आमी. रांधता येते का इले?" बल्लारपूरच्या घरात आल्यावर मी रोज रांधलं. तुम्ही पहिला घास घेऊन जरा थांबायच्या, आम्ही सगळे तुमच्या तोंडाकडे बघायचो, आणि मग तुम्ही निकाल सांगायच्या. "हे वरण हाय का न्हाणीचं पानी?" तुमचा मुलगा मान खाली घालून जेवायचा आणि मुद्दाम दोनदा वरण मागून घ्यायचा.

आम्हाला मूल झालं नाही. एकदा नळावर शेजारणीने तुम्हाला विचारलं, "काय बाई, सुनेकडे काई हाय का?" मी हंडा उचलत होते. तुम्ही उमेदीत कितीतरी उन्हाळे बिडीसाठी तेंदूपत्ता तोडलेला. सत्तर पानांचा पुडा बांधतात, आणि एखादी लबाड बाई वरून चांगली पानं लावून आत फाटकी भरते, त्याला तुम्ही खोटा पुडा म्हणायच्या. तुम्ही माझ्याकडे हनुवटी करून म्हणालात, "वरून पाह्य ना कशी चकचकीत हाय. आतून खोटा पुडा." नळावरच्या सगळ्या हसल्या. मीही हसले. हसले नसते तर हंडा हातातून सुटला असता.

तुमचा मुलगा गोंडपिपरीला शाळेत शिपाई होता. पुस्तकांच्या कपाटाची किल्ली त्याच्याकडे असायची. शनिवारी तो माझ्यासाठी एखादं पुस्तक आणायचा, सोमवारी परत न्यायचा. स्वतः कधी वाचलं नाही त्याने. जेवताना मला विचारायचा, "मंग, काय झालं त्या बाईचं?" मी सांगायची. एका शनिवारी कोठारीच्या रस्त्यावर रानडुक्कर आडवं आलं. गाडीच्या डिक्कीत पुस्तक होतं, त्याला ओरखडाही नव्हता. तेरवी झाली आणि तुम्ही ते पुस्तक आणि घरातली माझी आणखी सहा पुस्तकं न्हाणीच्या चुलीत घातलीत. "पुस्तकानं खाल्लं माया लेकाले," म्हणालात. त्या पाण्याने तुम्ही आंघोळही केलीत. त्यानंतर मला नावाने हाक मारली नाहीत. ए रांड, पानी दे. ए रांड, दार लाव. मी एकदा म्हटलं, बाई, तुमी बी तं बिना नवऱ्याच्याच आहात ना. तुम्ही हातातला भाकरी उलथायचा तापलेला सराटा फेकून मारलात. कपाळावरची खूण अजून आहे, कुंकवाच्या जागेपासून बोटभर डावीकडे.

लोक विचारतात, तेव्हाच का नाही निघून गेलीस. माहेरी भाऊ होता, भावजय होती, मला जागा नव्हती. आणि खरं सांगायचं तर या घरात त्याचा डबा होता, चप्पल होती, ती सोडून कुठे जायचं हे मला सुचलं नाही.

वर्षभराने तुम्हाला लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. सगळे शब्द गेले, एकच राहिला. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, तोंडात जो फार बसलेला असतो तो उरतो, काहींना देवाचं नाव उरतं. तुम्हाला रांड उरला. मला डॉक्टरांसमोर हसू आलं, मी पदर तोंडात धरला, त्यांना वाटलं मी रडतेय. मग तान्ह्या पोराचं रडणं ओळखावं तसा मी तो शब्द ओळखायला शिकले. तुटका म्हणजे तहान. लांबवलेला म्हणजे अंथरूण ओलं झालं. दोनदा लागोपाठ म्हणजे राग, आणि राग पुष्कळदा असायचा.

तुमची लेक गडचांदूरला. तास-दीड तासाचा रस्ता. तिने आपला जुना मोबाईल पाठवला, आईचं तोंड दाखवत जा म्हणून. दोनदा तिने तुमचं तोंड बघितलं. दुसऱ्यांदा रडली आणि म्हणाली, "वयनी, मले पाहवत नाई वं." मला पाहवतं का, ते विचारलं नाही. मोबाईल मात्र घरात राहिला.

एका दुपारी तुमच्यासाठी भजन लावायला गेले आणि बोट भलतीकडे पडलं. समोर दोन बायका. हजारभर माणसं बसलेली, पण परीक्षेच्या वर्गासारखी शांत. एक बाई दुसरीच्या छातीवर हात फिरवून मारते, आवाज असा की धुण्याच्या दगडावर कापड आपटावं. मग ती मारणारी पळत नाही. हात मागे बांधून उभी राहते आणि समोरचीला सांगते, आता तू मार. मी बंद करणार होते. तुम्ही मान वळवलीत. दोन महिने तुम्ही छताचे पत्रे सोडून कुठे बघितलं नव्हतं. तुम्ही तो शब्द म्हणालात, हळू, जरा लांबवून, आणि त्यात राग नव्हता. कौतुक होतं. तुमच्या तोंडून कौतुक कसं ऐकू येतं ते मला त्या दिवशी कळलं.

मग ते रोजचंच झालं. बघता बघता मी शिकले. त्या व्हिडिओंच्या खाली जगभरचे लोक तारे देतात, पाचापैकी, आणि पाव, अर्धा, पाऊण असेही देतात. मी तुम्हाला म्हटलं, "बाई, सांगा, किती द्याचे?" तुम्ही डावा हात वर केलात, चार बोटं. अर्धा द्यायचा असला की करंगळी अर्धी मुडपायच्या. पाव कापायचा असला की नुसतं टोक वाकवायच्या आणि मला डोळ्यांनी दाखवायच्या, चुकून चार लिहिशील. मी एक वही केली. दोन रकाने, एक तुमचा, एक माझा. गोळ्यांचा गुण आला नव्हता तो या कुस्तीचा आला. तुम्ही पेज नीट गिळायला लागलात. आमचं भांडण व्हायचं. मी म्हणायची, "अर्धा तास मार खाल्ला बिचारीनं, साडेतीन तरी द्या." तुम्ही दोन बोटं दाखवून तुमचा शब्द म्हणायच्या. त्याचा अर्थ मी असा लावला की मार खाणं हा काही गुण नाही.

तुम्ही बऱ्या होत होतात आणि ते मला सहन होत नव्हतं. हे लिहायला मी आठ वर्षं घेतली. एकदा व्हिडिओखालचं मोबाईलवर मराठी करून वाचताना मला कळलं की या कुस्तीचा निकाल आधी ठरलेला असतो. मी ते तीन दिवस मनात ठेवलं, चांगल्या वेळेची वाट बघत. चौथ्या दिवशी पडून पडून झालेली तुमची पाठीची जखम पुसताना तुम्ही मला बोचकारलंत. मी मोबाईल लावला, तुमची आवडती बाई जिंकेपर्यंत थांबले, तुमचं अर्धं तोंड हसलं, आणि मग म्हटलं, "बाई, हे सारं ठरवून असते. कोन जिंकन ते पह्यलेच ठरते. खोटा पुडा हाय हा." मग डाव्या हाताने स्वतःच्या छातीवर फाडकन मारून घेतलंत. कातडी इतकी पातळ झालेली, पाचही बोटं उमटली. त्या वळांकडे बोट केलंत, मग मोबाईलकडे केलंत, आणि साडेचार दिलेत. मी वहीत लिहिलं. तुम्ही बोलत होतात त्या सगळ्या वर्षांत इतकं खरं काही बोलला नव्हतात.

ती तुमची आवडती बाई पन्नाशीची होती. दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या, कंबर धरून चालायची. तिने स्वतः शिकवलेली एक मुलगी होती, आणि तिला शिकवताना ती फार वाईट वागलेली, रोज मारायची, असं त्या मुलीनेच कुठेतरी सांगितलेलं मी वाचलं होतं. तुम्ही म्हातारीच्या बाजूच्या. मी कोणाच्या बाजूची ते सांगायला नको. म्हातारी कुस्ती सोडणार होती आणि शेवटचा सामना त्या मुलीशी होता. त्याची आम्ही दोघींनी महिनाभर वाट बघितली.

त्या दिवशी दुपारी मी तुम्हाला पेज भरवली. तोंड पुसलं. तुमचं हागणं-मुतणं काढायला लागून तेव्हा दीड वर्ष झालं होतं. मला काय वाटलं कोण जाणे, मी हसत हसत विचारलं, "बाई, आन् मले किती?" तुम्ही बराच वेळ माझ्याकडे बघितलंत. मग डावा हात गादीवरून उचललात. मूठ. एकही बोट नाही. मी वाट बघितली. बोट उघडलं नाही.

मी सामना लावला, मोबाईल तुमच्यासमोर धरला. म्हातारीसाठी लोकांनी रंगीत कागदाच्या फिती फेकल्या, सगळा आखाडा भरून गेला. वीस मिनिटं झाली. म्हातारी दोन हात दोन पायांवर, डोकं खाली, उठता येत नाही. मुलगी तिच्यासमोर उभी. लोक पाय आपटतायत. तुमची पापणी हलत नव्हती. मी बोट ठेवलं आणि थांबवलं. "तुमचं झालं आता," मी म्हटलं. मोबाईल घेऊन स्वयंपाकघरात आले, ओट्याला पाठ लावून खाली बसले आणि उरलेला सामना एकटीने बघितला.

तुम्ही हाक मारलीत. तोच शब्द. तहानेचा नव्हता, ओल्या अंथरुणाचा नव्हता, रागाचाही नव्हता. जाड होता, तोंडात घास असताना बोलावं तसा. मी ओळखला नाही असं नाही. मला येत होते त्या सगळ्यांत हा नव्हता, एवढं मी ओळखलं. तरी बसून राहिले. मुलगी रडत होती आणि मारत होती. म्हातारी प्रत्येक वेळी उठून छाती पुढे करत होती. शेवटी उठली नाही. पंचाने तीन मोजले. नंतर त्यांच्यात रीत आहे, सोडून जाणाऱ्या माणसाला मधोमध उभं करतात, सगळे उठून उभे राहतात आणि घंटेचे दहा टोल देतात. मी दहाही मोजले. तुमचा आवाज कितव्याला थांबला ते मला सांगता येणार नाही, कारण तेव्हा मी रडत होते. त्या जपानी बाईसाठी.

मग मी उठले. तुमची बाई हरली हे तुम्हाला सांगायला येत होते, कसं सांगायचं ते शब्दही जुळवले होते. तुमचं तोंड उशीवरून खाली आलेलं. मूठ तशीच.

डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका. सकाळपासूनच सुरू झाला असेल, हात वळून आला होता का? मी म्हटलं, लक्ष नव्हतं. तेरवीला तुमची लेक माझ्या गळ्यात पडली. "वयनी, तुनं पुन्य कमावलं वं, पोटच्या पोरीनं नाई केलं एवढं केलं." नळावरच्या त्याच बायका म्हणाल्या, अशी सून भेटाले नशीब लागते. मी त्यांना वरण वाढलं. कोणी नावं ठेवली नाहीत.

वही अजून चालू आहे. तुमच्यानंतर दुसरा रकाना मी आखला नाही. एकदा एका सामन्याखाली मी मराठीत चार ओळी लिहिल्या आणि कुणा जपानी माणसाने त्यावर लाल बदाम टाकला. जेवताना तुमच्या मुलाला मनातल्या मनात सांगते, काय झालं त्या बाईचं. त्या शेवटच्या सामन्याला मी पाच दिलेत. अख्ख्या वहीत पाच तेवढेच. मी तो पुन्हा पुन्हा बघितला आहे, कुठे कापता येईल ते शोधत. दुखरा गुडघा म्हातारी एकदाही विसरत नाही. पाव तारा कापायलाही जागा नाही. तुमची ती मूठ शून्य होती की हात वळून आला होता, याचा निकाल मी लावलेला नाही. कधी एक धरते, कधी दुसरं. शून्य धरलं त्या दिवशी मला झोप बरी लागते.

हे पत्र वहीच्याच मागच्या पानांवर लिहिलं आहे, तिथेच राहील. वर लिहिताना एक गोष्ट मी गाळली. तुम्ही हाक मारलीत तेव्हा मी नुसती बसून राहिले नव्हते. मोबाईलचा आवाज वाढवला होता.