शाईतल्या दोन चिंचा

२८ मार्च. बुलढाणा

कचेरीत तिसरा दिवस. काम म्हणजे नकला. आज एका अर्जाची नक्कल करता करता खिडकीबाहेर पाहिलं. कडुनिंब फुललाय, वाऱ्यानं बारीक फुलं उडून थेट दौतीत. अर्जाची एक ओळ गळाली. थोरले वकील नानासाहेब (इथून पुढे ना.सा., माझा हात दुखतो) यांनी कागद तेवढा परत सरकवला. धाकटे भागीदार दामोदरपंत (हे दा.पं.) हसले. नागपूरच्या लॉ कॉलेजात हेच शिकवतात का कविराज, म्हणाले. झालं, बारसं झालं. कारकूनही आता कविराज म्हणतो.

कोर्टाला उन्हाळी सुट्टी लागेपर्यंत ही उमेदवारी. ना.सा.ना काम पसंत पडलं तर परीक्षेनंतर त्यांच्याच हाताखाली बसायला मिळेल. नांदुऱ्याला मोटारीत बसवताना बाबा एवढंच म्हणाले होते, लक्ष देत जा रे.

३० मार्च

नांदुऱ्याला एव्हाना अंगाची लाही होते. इथं पहाटे पांघरूण ओढावं लागतं. उन्हाळा घाटाखालीच राहिला की काय कोण जाणे.

कचेरीतला एक नियम आज कळला. जागेचा नकाशा काढायचा तर डोळ्यांनी पाहिलं ते शाईनं, पक्षकारानं सांगितलं ते पेन्सिलीनं. खाली लिहायचं 'जागेवर पाहून काढला' आणि काढणाऱ्याची सही. ना.सा. वकिली सुरू केल्यापासून हे पाळतात. त्यांच्या नकाशावर समोरचा वकीलसुद्धा सहसा बोट ठेवत नाही म्हणे.

३ एप्रिल

आज एकट्याला पाठवलं! बैलगाडीनं सावरखेड. पक्षकार सकीनाबी बागवान, विधवा, वांगी-मिरची पिकवते. मळा तिचा, विहिरीत हिस्सा तिचा, मधे केशवरावांचं शेत. त्या शेतातून विहिरीची वाट आणि वाटेच्या कडेनं पाण्याचा पाट होता. केशवरावांनी दिवाळीत काट्या टाकून वाट बंद केली, पाट नांगरून टाकला. आता बाई नाल्याकडून वळसा घालून घागरी वाहते. अर्धा मळा वाळलाय, मी पाहिला. केशवराव म्हणतात इथून वाट कधी नव्हतीच. दावा कोर्टात आहे, त्यासाठी नकाशा.

शेतात एक चिंच उभी. तिच्या सावलीत बसलो, सकीनाबीनं गूळ-पाणी दिलं. मग सांगत बसली. तिच्या सासऱ्यानं वाटेच्या कडेनं तीन चिंचा लावल्या होत्या, एका ओळीत. पुढच्या दोन केशवरावांच्या बापानं तोडल्या, खोडं उपटली, वर नांगर फिरवला. ही नवी नवरी होती तेव्हा तिन्ही होत्या. उठून पावलं मोजून दाखवली, सतरा आणि सतरा. "दुसरीच्या चिंचा गोड होत्या, बाबू. तिसरीवर बगळे बसत, सारी पांढरी होऊन जाये."

मी ऐकत होतो आणि ढेकळांतून झाडं वर येत होती. खरंच. बगळेसुद्धा. गाडीवाल्यानं दोनदा हाक मारली म्हणे.

५ एप्रिल

नकाशा शाईनं पक्का केला. दुपारभर खिडकीशी. असं काम जन्मभर मिळालं तर काय पाहिजे! चिंचेचं एकेक पान काढलं. ना.सा. तापानं घरी. दा.पं.नी वरवर पाहिला, वा कविराज म्हणाले, कोर्टात दाखल. खाली माझी सही. घाटाच्या कडेला जाऊन संध्याकाळ संपेस्तोवर बसलो. खालचा मुलूख निळा, कुठं शेत संपतं आणि कुठं आभाळ, कळत नव्हतं.

१४ एप्रिल

केशवरावांचं लेखी म्हणणं कोर्टात आलं. 'नकाशातील तीन चिंचांपैकी दोन जागेवर नाहीत, नकाशा खोटा, वादीचा दावा खोटा.'

तीन. मी तिन्ही शाईनं काढल्या.

ना.सा. तापातून उठून आज पहिल्यांदा कचेरीत आले होते. चष्मा पुसून विचारलं, "तीन पाहिल्यास?"

मी हो म्हणालो.

काऊन म्हणालो? तोंडातून गेलं. त्यांनी मान डोलावली, पुढचा कागद घेतला. त्यांनी विश्वास ठेवला, हेच जास्त लागलं.

१५ एप्रिल

कच्चा कागद काढून पाहिला. त्यात एकच झाड, आणि दोन फुल्या पेन्सिलीच्या. म्हणजे जागेवर मी शुद्धीत होतो. बिघडलं ते इथं, खिडकीपाशी.

जेवण गेलं नाही.

१८ एप्रिल

सकीनाबी आली. येताना पदरात वांगी, उरलेल्या मळ्यातली. नकाशाचं तिला कुणीतरी सांगितलेलं. मला वाटलं रागावेल, माझ्यापायी तिचा दावा बुडायला आलाय. ती माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, "तुलेही दिसले न मंग. मले रोज दिसतात. पोरं म्हंतात बुढी चळली."

मी मान खाली घातली. तिला वाटलं लाजलो.

ती गेल्यावर दा.पं.नी बाजूला घेतलं. चोवीस तारखेला जज्जसाहेब स्वतः जागा पाहायला येणार. दा.पं. म्हणाले, तू तीन तारखेला झाडं पाहिली, त्यानंतर केशवरावांनी तोडली, एवढंच सांग, तेच अडकतील. आणि झाडं तोडलेली तर खरीच आहेत ना लेका, तारखेचा काय तो फरक. गोड माणूस आहे. गोड बोलतो म्हणून भीती वाटते. रात्री उशिरापर्यंत तेच गोड वाटत राहिलं, हे लिहून ठेवतो.

आणि दुसरी भीती. ती दोन झाडं कधी होती तरी का? मी तिच्याच तोंडून ऐकलं. पोरं म्हणतात ते खरं असेल तर?

२१ एप्रिल

सांगितलं. ना.सा. अंगणात खाटेवर बसले होते. मी उभ्यानंच सगळं बोललो. चौदा तारखेचा 'हो'सुद्धा.

ते सुपारी कातरत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, नकाशा तुझा नाही, त्या बाईचा आहे. तू झाड काढलं नाहीस, तिच्या वाटेवर आणखी एक काटी टाकलीस.

कचेरीत आता काय बसायला मिळतं. निघताना एवढंच म्हणाले, "जज्जसाहेबांनी विचारायची वाट पाहू नको. आधी सांग."

२४ एप्रिल. सावरखेड

सांगितलं. त्या एकट्या चिंचेखाली, सगळ्यांसमोर. जज्जसाहेब, ना.सा., दा.पं., केशवराव, त्यांचे वकील, निम्मं गाव. वाक्य पुरं केलं. झाडं मी पाहिली नाहीत, ऐकली. शाईनं काढली ही माझी चूक, यात या बाईची लबाडी नाही.

केशवरावांचे वकील हसले. म्हणाले, आमचं काम उमेदवारानंच केलं. दा.पं.नी माझ्याकडं पाहिलंच नाही.

सकीनाबीकडं मात्र मला पाहावं लागलं. तिचा चेहरा उतरला होता. दाव्यासाठी नसेल. "म्हंजे तुले नव्हते दिसले?" हळूच म्हणाली. याचं उत्तर कोणत्या कॉलेजात शिकवतात?

जज्जसाहेबांनी नकाशा उलटसुलट केला. मग मला विचारलं, ऐकलेली झाडं कुठं होती ते तरी ऐकलंस का. मी म्हणालो, सतरा पावलं आणि सतरा, पण पावलं तिची. तिला चालायला सांगितलं. ती चालली. बारीक पावलं, तोंडानं मोजत, एकदाही न अडखळता. कोतवालानं दोन्ही ठिकाणी खुंट्या ठोकल्या.

जज्जसाहेब म्हणाले, उद्या खणायचं. चिंचेचं जुनं मूळ निघालं तर झाडं होती, ओळ होती, वाटेचा विचार करू. नाही निघालं तर पक्षकाराचं बोलणं आणि नकाशा दोन्ही बाजूला. केशवराव म्हणाले, खणा की, बापाच्या वेळेपासून नांगरतोय, ढेकळाशिवाय काय सापडणार.

ना.सा. परत जाताना गाडीत बसले. मला म्हणाले, तू इथंच थांब, उद्याचा नकाशा तुलाच काढायचाय.

ऐकू आलं ते बरोबर ना, म्हणून दोनदा विचारलं. दोनदा तेच म्हणाले.

२५ एप्रिल. सावरखेड

सकाळ. उभ्या चिंचेखाली बसलोय, मांडीवर कोरा कागद, त्यावर ही वही. पहिल्या खुंटीशी काही निघालं नाही. कमरेइतकं खणलं, काळी माती, मुरूम, बस. केशवराव बांधावर तंबाखू मळतायत. कोतवाल आता दुसरीकडं वळलाय. दोन हात खाली गेला.

सकीनाबी माझ्याशेजारी येऊन बसली. कालपासून बोलली नव्हती. आता खड्ड्याकडं न बघता समोर बघतेय, जिथं काहीच नाही तिथं. म्हणाली, बगळे सकाळीच येत, या वेळेले. मी म्हणालो, सांग.

ती सांगतेय. मी लिहितोय. दौत खिशात आहे, भरलेली. पण आजचं पान पेन्सिलीनं.

कोतवाल थांबला. वाकून हातानं माती बाजूला करतोय. सगळे उठले.

सकीनाबी नाही उठली. मी पण जरा बसतो.