मुठीत मावणारा कॅमेरा

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार.

मी ठणठणीत आहे. खांद्याचं दुखणं आता नावालाच उरलंय. कारण वाचून रागावू नका: तुम्ही दिलेला धोंड्यासारखा कॅमेरा मी कपाटात ठेवला आणि मुठीत मावेल असा मिररलेस घेतला. लेन्स दोनच, दोन्ही चहाच्या कपापेक्षा बुटक्या. झूम घेतली नाही. "देवानं पाय कशाला दिलेत?" असं तुम्ही विचारलंच असतंत.

पहिल्याच दिवशी शाळेत वर्गांचे फोटो काढताना फजिती झाली. याला डोळा लावायची खिडकीच नाही, मागच्या पडद्यावर बघायचं असतं. मी सवयीनं डावा डोळा मिटून कॅमेरा थेट कपाळाला लावला आणि बटण दाबलं. त्याच क्षणी मुलं खदाखदा हसली. मोठ्या कॅमेऱ्यापुढे हीच मुलं खांबासारखी उभी राहायची! तोच फोटो मुख्याध्यापिकाबाईंनी दारात लावलाय.

दुकानदार याहून हलकी बॉडी गळ्यात मारत होता. मी जरा जाडच निवडली, कारण हात थरथरला तरी हिच्यात फोटो हलत नाही.

अशीच एक तुमच्यासाठी पाठवतेय. उगाच नको म्हणू नका. मागच्या महिन्यात तुम्ही पाठवलेल्या फोटोत आई हललेली दिसते. बाबा, आई फोटोला श्वास रोखून उभी राहते, हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे.

डॉक्टरांना हात दाखवून या. मग तिचा नवा फोटो काढून पाठवा. धाकट्याला काढायला सांगू नका. मला तुमच्या हातचाच हवा.

तुमची लाडकी आणि आगाऊ,
थोरली