मराठी आठ आणि मागची सीट

४ मार्च, सोमवार. सकाळी
निर्णय झाला. मोटारसायकल घ्यायची. कारण पूर्णपणे वैद्यकीय. दिवसभर लॅबमध्ये टेबलाशी वाकून कवळ्या बनवायच्या म्हणजे मणक्याचं वाटोळं. मोटारसायकलवर माणूस ताठ बसतो. शिवाय वेळ वाचेल. शिवाय वारा लागेल. लोक मोटारसायकल का घेतात यावर मी शांतपणे विचार केला आहे. बहुतेक लोक फुशारकीसाठी घेतात. आपलं तसं नाही.

काल मेहुणा त्याची नवी मोटारसायकल घेऊन आला होता आणि आपल्या ताईला, म्हणजे हिला, पाण्याच्या टाकीपर्यंत घेऊन गेला, याचा या निर्णयाशी काडीचाही संबंध नाही. ही परत आली तेव्हा केस विस्कटलेले, डाव्या बुटाच्या टोकावर काळा डाग, आणि हसत होती. मी दातांच्या धंद्यातला माणूस. मला हसणं मोजता येतं. वरचे चार दात दिसले तर ते ओळखीपुरतं हसू. सहा दिसले तर फोटोचं. हिची काल वरची उजवी शेवटची दाढ दिसली. लग्नाच्या सुरुवातीला दिसायची. नंतर मी तरी पाहिली नाही. असो. विषय मणक्याचा आहे.

६ मार्च
घरी जाहीर केलं. ही म्हणाली, बघा बुवा. आई म्हणाली, या वयात? आणि लगेच म्हणाली, घेतलीस तर पहिली मी बसणार मागे, जन्म मी दिलाय तुला. हिने भांडी जरा जोरात लावली. मी नेहमीप्रमाणे पेपर उघडला. सासू-सुनेच्या मध्ये मी कधी पडत नाही. आमचं घर इतकी वर्षं शांत आहे ते याच धोरणामुळे.

९ मार्च
गॅरेजवाल्याकडून जुनी घेतली. लाल. घरापर्यंत त्यानेच आणली, मी मागे बसून रस्त्याचा अभ्यास केला. उद्यापासून रोज पहाटे सराव. आठवड्याभरात तयार.

१० मार्च
अलार्म वाजला. मणका दुखत होता. दुखऱ्या मणक्याने शिकणं धोक्याचं.

११ मार्च
अलार्म वाजला असावा.

१३ मार्च
गॅरेजवाला शिकवायला आला. मी बसलो. ॲक्सिलरेटर पिळला. काय तो आवाज! सगळ्या बिल्डिंगच्या खिडक्या उघडल्या. पण गाडी जागची हलेना. इंजिनात दोष आहे, असं मी ठामपणे सांगितलं. गॅरेजवाला म्हणाला, काका, गाडी न्यूट्रलमध्ये आहे, नुसता आवाजच होणार. त्यावर ही गॅलरीतून म्हणाली, त्यांना तेवढा एकच गियर येतो. सगळे खो खो हसले. हसतील त्यांचे दात दिसतील. दिसलेच. शेजारच्या काकूंची वरची कवळी ढिली आहे. माझ्या हातची नाही.

हिचे चारच दिसले.

१९ मार्च
पहिला गियर आला. दुसराही. गियर टाकायला डाव्या पायाच्या चवड्याने दांडी वर उचलावी लागते. नव्या पांढऱ्या बुटावर काळा डाग पडला. ही म्हणाली, टूथपेस्ट लावून घासा, जातो. गेला! हिला कसं माहीत कोण जाणे. बायकांना डागांची उपजतच जाण असते.

२३ मार्च
लायसन्सच्या परीक्षेत आठ काढायचा असतो म्हणे. लोक उगाच घाबरवतात. मैदानात लॅबच्या प्लॅस्टरने मोठा आठ आखला. वरून सुरुवात, डावीकडे एक मोठं वळण, खाली येऊन संपलं. इतकं सोपं! पाच मिनिटांत जमलं. मला गती आहे यात.

३० मार्च
आठ आता डोळे मिटूनही काढता येईल.

२ एप्रिल
परीक्षा. अधिकारी म्हणाला, आठ काढा. काढला. इतका सुरेख की वळण संपल्यावर मी मैदानाच्या फाटकातून बाहेर पडून सरळ मुख्य रस्त्याला लागलो. परत आलो तर तो म्हणाला, कुठे निघाला होतात? म्हणालो, आठ संपला. त्याने जमिनीवरच्या पांढऱ्या पट्ट्यांकडे बोट दाखवलं. दोन वाटोळी, एकाला एक चिकटलेली.

तो इंग्रजी आठ होता. मी मराठी आठ काढला होता.

नापास. मातृभाषेची ही अशी किंमत! घरी सांगितल्यावर ही पदराआड तोंड करून हसली. पदर आला की मोजता येत नाही.

९ एप्रिल
इंग्रजी आठ काढला. पाय दोनदाच टेकला, त्यातही एकदा अधिकारी शिंकत होता. पास! आई म्हणाली, आता रविवारी माझी फेरी. ही म्हणाली, छान. ‘छान’ या शब्दाला एकही दात दिसला नाही. मी पेपर उघडला.

१२ एप्रिल, शुक्रवार
मागे माणूस बसवायचं तर ओझं घेऊन सराव हवा. लॅबमधून प्लॅस्टरची गोणी आणली आणि मागच्या सीटवर बांधली. गोणी गुणी. वळणावर ओरडली नाही, हळू चालवा म्हणाली नाही. घरासमोर ऐटीत थांबलो. आई आणि ही दोघी गॅलरीत. म्हटलं, बघा! आई म्हणाली, काय बघू? मागे वळलो तर सीट रिकामी.

गोणी चौकात पडून फुटली होती. शेजारच्या काकू तिथूनच आल्या, नखशिखांत पांढऱ्या.

जेवताना ही म्हणाली, तुम्हाला कळलंच नाही ना? मी म्हटलं, गाठ सैल होती. ही म्हणाली, गाठीचं नाही विचारत, मी पडले असते तरी घरी येईपर्यंत तुम्हाला कळलं नसतं. मग ताट उचलताना हळूच म्हणाली, तसंही कुठे कळतंय.

भांडली असती तर बरं झालं असतं. घास उतरेना. घशात प्लॅस्टरची धूळ गेली असणार.

१३ एप्रिल
मोटारसायकल विकून टाकावी. मणक्याला मानवत नाही.

१४ एप्रिल, रविवार. सकाळी
मेहुणा आलाय. आई बूट घालून, पर्स घेऊन तयार. ही दारात उभी होती, ती आत जायला वळली. मी पेपर शोधत होतो. सापडला असता तर पुढचं काही घडलंच नसतं. माझ्या तोंडून निघून गेलं, आई, पहिली ही बसणार.

मग आई म्हणाली, झालास ना बायकोच्या ताटाखालचं मांजर! मी शब्द मागे घेतला नाही. ही थांबली. माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, बसते. पण पुढे.

मी विचारलं, पुढे म्हणजे पेट्रोलच्या टाकीवर? मेहुणा पोट धरून हसायला लागला. म्हणाला, दाजी, त्या दिवशी तुम्हाला काय वाटलं, मी ताईला फिरवून आणलं? चालवत तीच होती. मी मागे बसून देवाचं नाव घेत होतो.

हिचं लायसन्स लग्नाआधीचं आहे. मुदत संपली की नवं करून आणते. ओळखपत्र म्हणून लागत असेल, असं मला वाटायचं. त्याच्या झेरॉक्स मीच काढून आणायचो. त्या काळ्या डागाचा उलगडा आत्ता झाला.

इतकी वर्षं बोलली का नाहीस, असं मी विचारलं. ही म्हणाली, तुम्ही कधी विचारलंत?

१४ एप्रिल, संध्याकाळी
टाकीपर्यंत जाऊन आलो. मी मागे. दोन सूचना मिळाल्या: हलू नका आणि किंचाळू नका. पहिली पाळली. चौकात, जिथे रस्ता अजून पांढरा आहे, तिथे हिने एक हात मागे करून माझा गुडघा चाचपला. म्हणाली, आहात ना? म्हटलं, आहे. मग उतार लागला, हिने गाडी जी सोडली, आणि आरशात मला दाढ दिसली. वरची, उजवी, शेवटची. डोळ्यांत पाणी आलं. वारा होता.

दाढ किडली आहे. काळा ठिपका स्पष्ट दिसला. माझ्या घरात, आणि मला पत्ता नाही! उद्या हिला डॉक्टरकडे घेऊन जाणार. म्हणजे ही नेईल, मी मागे बसेन.

आईचा राग गेला. आत्ता ती फेरी मारायला खाली उतरली आहे. मी किल्ली घेऊन निघालो तर म्हणाली, तू नको रे बाबा, गोणी पाडलीस तू, सूनबाईला पाठव. दोघी गेल्या. खालून अजून हसणं ऐकू येतंय.

मोटारसायकल घेण्याचं कारण ४ मार्चला लिहिलं आहे तेच. त्यात बदल नाही. मणका आज अजिबात दुखला नाही.