पूजेआधीची गोळी

कोल्हापूर, १२ जानेवारी

ती. अप्पांना शरणु शरणार्थी.

इतके दिवस लिहिलं नाही, माफ करा. सांगण्यासारखं चांगलं काही नव्हतं.

इथं दवाखान्यात कॅन्सरच्या वेदनांवर मॉर्फिन चालू असूनही अव्वा रोज सकाळी कळवळायची. मला वाटलं, आजार वाढला. शेवटी डॉक्टरांनीच तिला विचारलं, तेव्हा कळलं की पहाटेची गोळी ती मुठीतच ठेवते.

"लिंगपूजेआधी तोंडात काय घालायचं न्हाय की!"

"मग आज्जी, सकाळपर्यंत पुरेल अशी गोळी रात्रीच देतो."

शेजारी बसून मला, पोटच्या लेकीला, हे कसं दिसलं नाही?

आज तिनं बसून पूजा केली. वर मला म्हणाली, "चहा पांचट झालाय. तुझ्या अप्पानं म्हशी इकल्या व्हय?"

तुम्ही वेळेवर जेवता ना?

तुमची दानेश्वरी

ता. क. उद्या अव्वाचे केस धुवायचे. आता हात लावू देते.